त्रयस्थ

मोटारविम्याच्या कागदावर 'थर्ड पार्टी' हा शब्द असतो. पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा विमा कंपनी आणि तिसरा म्हणजे रस्त्यावरचा कुणीही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे या तिसऱ्यासाठी विमा घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. स्वतःच्या गाडीचा विमा उतरवायचा की नाही ही मालकाची मर्जी. तिसऱ्याचा मात्र सक्तीचा. मराठीत आपण त्याला 'त्रयस्थ पक्ष' म्हणतो, आणि अनुवाद करताना या शब्दापाशी मी दर वेळी अडखळते. कारण बोलण्यात त्रयस्थ म्हणजे ज्याचा प्रकरणाशी काही संबंध नाही असा माणूस. भांडण मिटवायला बरा, बाजूला उभा राहून बघणारा. विम्यातला त्रयस्थसुद्धा बाजूलाच उभा असतो. फरक इतकाच, की सगळं प्रकरण त्याच्याच अंगावर येणार असतं.

हा शब्द गेले काही महिने डोक्यात घोळतो आहे तो एका घरगुती दुरुस्तीमुळे.

मी जयपुरात बनी पार्कमध्ये राहते. रेल्वे स्टेशन, सिंधी कॅम्पचा बस अड्डा आणि कलेक्टोरेट यांच्या मधली ही जुनी वस्ती. बऱ्याच बंगल्यांची हॉटेलं झालेली, उरलेल्यांत आमच्यासारखे भाडेकरू. आमच्या खालच्या मजल्यावरचं कुटुंब सांगानेर आणि बगरूहून छापील कापड आणून शहरातल्या दुकानांना पोचवतं. त्यासाठी त्यांच्याकडे मारुतीची सुपर कॅरी आहे, २०१६ साली बाजारात आलेली छोटी पिकअप. मागच्या चाकांना पाटे, ज्यांना इकडे कमानी म्हणतात, आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रट. घरातला थोरला मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा आहे. हाताला चांगला, चाकावर बसणाराही तोच. पुढचा डावा शॉकअप तेल गाळू लागला होता. त्या तेलावर धूळ बसून काळा चिखल झाला होता, टायर एकसारखा न झिजता ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजला होता आणि गतिरोधकावरून उतरताना खट् आवाज येत होता. गॅरेजवाल्याने सांगितलेली मजुरी त्याला परवडेना. रविवारी अंगणातच बदलतो म्हणाला, आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलची इंग्रजी पानं घेऊन वर माझ्याकडे आला. "आंटी, एवढं फक्त हिंदीत वाचून सांगा."

एवढं फक्त. अनुवादकाच्या आयुष्यात याहून जबाबदारीचं वाक्य क्वचित येतं.

ज्यांचा या यंत्राशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन अभियंता. १९४०च्या दशकात जनरल मोटर्सच्या एका छोट्या, स्वस्त गाडीसाठी त्याने ही रचना कल्पिली. ती गाडी कधी निघाली नाही. तो फोर्डकडे गेला आणि रचना तिथून जगभर पसरली. आपल्याकडे ती घरोघरी पोचली १९८३च्या मारुती ८०० बरोबर. तिच्यातली हुशारी अशी की एकच उभा खांब तीन कामं करतो. गाडीचं वजन पेलणारी स्प्रिंग त्याच्यावर बसते, धक्के आवरणारी तेलाची नळी त्याच्या पोटात असते आणि स्टिअरिंग फिरवलं की चाक ज्या आसाभोवती वळतं तो आसही त्यातूनच जातो. कमी भाग, कमी जागा, कमी पैसे. एका खांबावर तीन कामं टाकली की तो खांब ढिला पडल्यावर तिन्ही ढिली पडतात, हे ओघानंच आलं.

आणि शॉक अब्सॉर्बर हे नाव मुळात चुकीचं आहे. धक्का शोषते ती स्प्रिंग. पण शोषलेला धक्का ती स्वतःजवळ ठेवत नाही, लगेच परत देते. म्हणून नुसत्या स्प्रिंगवरची गाडी खड्ड्यानंतर कितीतरी वेळ झुलत राहील. नळीतलं तेल बारीक छिद्रांतून जबरदस्तीनं ढकललं जातं, तापतं, आणि ती हालचाल उष्णता होऊन विरते. मराठीत यासाठी नेमकं क्रियापद आहे, 'जिरवणं'. जेवण जिरवतात, पाणी जमिनीत जिरवतात, एखाद्याची मस्ती जिरवतात. शॉकअप धक्का जिरवतो. तो थकला की चाक रस्त्याला चिकटून राहत नाही, किंचित उड्या मारतं. आणि ज्या क्षणी चाक हवेत असतं त्या क्षणी ब्रेक कितीही चांगले असले तरी त्यांचा उपयोग नसतो. म्हणजे तेल गाळणारा शॉकअप ही आरामाची तक्रार नाही. समोर अचानक कुणी आलं तर गाडी कुठे थांबेल, याचा तो प्रश्न आहे.

आता कामाचा क्रम. मागच्या चाकांना दगड लावायचे, पुढून जॅकने गाडी उचलायची, चासीखाली घोड्या लावायच्या (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधी जायचं नाही), चाक काढायचं, ब्रेकची नळी खांबावरून सोडवायची, खालच्या आर्मला आधार द्यायचा, खालचे बोल्ट काढायचे, मग वरचे नट काढून अख्खा खांब बाहेर घ्यायचा. इथवर धोका साधा आहे. पुढचा तसा नाही. खांबावरची स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते आणि तिला रोखून धरतो तो मधल्या दांड्यावरचा एकच नट. कंप्रेसर लावून स्प्रिंग आवळण्याआधी तो नट निघाला तर गाडीचा एक कोपरा उचलून धरणारा जोर एका क्षणात सुटतो. हात, जबडा, समोर जे असेल ते.

मॅन्युअल हे इंग्रजीत व्यवस्थित सांगतं. एका क्रियापदानं सैल करायला सांगतं, दुसऱ्यानं काढायला, आणि दोन्ही कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. गॅरेजच्या हिंदीत मात्र दोन्हींसाठी एकच शब्द आहे, 'खोलना'. नट खोलो म्हणजे सैल करा, नट खोलो म्हणजे काढा, नट खोलो म्हणजे कामाला लागा. मराठी मिस्त्रीही 'खोल' म्हणतो तेव्हा ते संदर्भावरून कळतं, कारण ऐकणाऱ्याच्या हाताला क्रम आधीच माहीत असतो. याच्या हाताला तो माहीत नव्हता. मी शब्दशः आणि सहज हिंदीत वाचत गेले असते तर 'खोलो'च आलं असतं. म्हणून मी त्याच्या वहीत प्रत्येक ठिकाणी 'ढीला करो' आणि 'निकालो' असं वेगवेगळं लिहिलं, आणि मधल्या नटाच्या ओळीभोवती लाल चौकट काढली. भाषा जरा कृत्रिम झाली. त्याला हसू आलं. मला त्या कृत्रिमपणाचं काही वाटलं नाही.

खरं तर याच शहरात माझ्या धंद्यातला एक थोर पूर्वज होऊन गेला. सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने अठराव्या शतकात युक्लिडची भूमिती नसिरुद्दीन तुसीच्या अरबी पाठावरून संस्कृतात आणली, 'रेखागणित' या नावानं. मला त्याचा हेवा वाटतो तो विद्वत्तेसाठी नाही, तर त्याच्या वाचकासाठी. प्रमेयात अनुवादकाचा पाय घसरला तर वाचक पट्टी आणि दोरी घेऊन स्वतः ती पायरी पडताळून पाहू शकतो. पुस्तकावर विश्वास ठेवायची गरज नाही. माझ्या लाल चौकटीतलं वाक्य त्या मुलाला पडताळून पाहता येणार नव्हतं. पाहायला गेला असता तर एकदाच.

इथवरचा धोका त्याचा स्वतःचा होता. त्याच्या आईला काळजी वाटत होती ती याच धोक्याची, मलाही. पण मी त्याच्या जागी आणखी एक माणूस बसवून पाहू लागले तेव्हा लक्षात आलं, की आपण भीतीचं माप चुकीच्या टोकाला लावतो आहोत. स्प्रिंग सुटली तर आवाज होतो, रक्त येतं, सगळ्या गल्लीला कळतं. खालचा बोल्ट हवा तितका आवळला गेला नाही तर काहीच होत नाही. गाडी सुरू होते, गेटबाहेर पडते, दहा दिवस कापड वाहते. अकराव्या दिवशी काय होईल ते ज्याच्या बाबतीत होईल तो बनी पार्कमध्ये राहत नसेल, या गाडीचे शॉकअप कुणी बदलले हे त्याला माहीत नसेल, आणि त्याला कुणी विचारलेलंही नसेल. विम्यातला तोच त्रयस्थ.

आमच्या पिढीच्या मराठी घरांत श्रमप्रतिष्ठा आणि स्वावलंबन हे शब्द दुधाबरोबर पाजले गेले. गांधी, विनोबा, साने गुरुजी, भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना. आपलं काम आपण करावं, हातानं करावं, कामाची लाज धरू नये. हे सगळं मला अजूनही मान्य आहे. पण त्या स्वावलंबनाची उदाहरणं पाहा: सूत कातणं, झाडू मारणं, भाकरी थापणं, स्वतःचे कपडे धुणं. या प्रत्येकात चूक झाली तर ती करणाऱ्याच्याच पदरात पडते आणि ताबडतोब दिसते. सूत तुटतं. भाकरी करपते. ज्याच्या चुकीची किंमत तिसराच मोजतो आणि ती चूक महिनाभर डोळ्याला दिसत नाही, अशा कामाला हे नीतिशास्त्र पुरत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर चरखा होता, बॉल जॉइंट नव्हता. स्वतःच्या हातानं केलं यात जे समाधान आहे त्यात मी वाटेकरी आहे, पण ते समाधान पलीकडच्या माणसाच्या खात्यावर टाकता येत नाही.

हाताच्या कामावरची जी पुस्तकं आमच्यासारखे लोक वाचतात तीही इथे फार मदत करत नाहीत. रॉबर्ट पर्सिगचं १९७४चं मोटारसायकलवरचं पुस्तक, मॅथ्यू क्रॉफर्डचं २००९चं. दोन्ही मला आवडतात. दुरुस्तीनं दुरुस्त करणाऱ्याचं काय होतं, त्याचं लक्ष, त्याचा स्वभाव, यंत्राशी त्याचं नातं, यावर ती मन लावून बोलतात. पर्सिग बिअरच्या डब्याचा पत्रा कापून मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचं हँडल घट्ट बसवायला सुचवतो आणि मित्र दुखावतो, तो प्रसंग मी कितीतरी वेळा सांगितला असेल. पण मला आता त्या पुस्तकात दिसतो तो मागच्या सीटवर बसलेला त्याचा मुलगा.

मुलाशी माझा वाद झाला तो याच मुद्द्यावर. तो म्हणाला, "जिम्मेदारी मेरी." मनापासून म्हणाला. पण जबाबदारी घेणं म्हणजे नेमकं काय घेणं? हम्मुराबीच्या कायद्यात, पावणेचार हजार वर्षांपूर्वी, बांधलेलं घर कोसळून मालक मेला तर गवंड्याला मारावं असं होतं. मालकाचा मुलगा मेला तर गवंड्याच्या मुलाला. हिशेब काटेकोर आहे आणि तरी काहीच भरून निघत नाही, उलट एक मूल आणखी जातं. जे भरून देता येत नाही त्याची जबाबदारी घेतो म्हणणं ही सद्भावना आहे. तिच्यावर गाडी सोडता येत नाही.

मग गॅरेजमध्ये काय वेगळं असतं? इथे त्याची बाजू भक्कम होती, आणि मी ती मान्य केली. नाक्यावरचा मिस्त्री टॉर्क रेंच वापरत नाही, पान्याला नळी लावून अंगाच्या जोरावर आवळतो. बिल देत नाही. हाताखाली पंधरा-सोळा वर्षांचं पोर असतं. कायदासुद्धा हात तपासत नाही, गाडी तपासतो: व्यावसायिक वाहनाला फिटनेसचं प्रमाणपत्र लागतं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी, त्यात दुरुस्ती कुणी केली हा प्रश्न नाही. उलट घरी काम करणाऱ्याकडे दोन गोष्टी असतात ज्या मिस्त्रीकडे नसतात. वेळ असतो. आणि तो स्वतःच त्या गाडीत बसणार असतो.

तरीही मिस्त्रीकडे एक गोष्ट आहे. त्याने हे काम शेकडो वेळा केलेलं असतं आणि तो उद्या त्याच नाक्यावर असतो. गावगाड्यातल्या सुतार-लोहाराचंही तेच होतं. बलुतेदारीत अन्याय भरपूर होता, तिचं कौतुक करायची माझी इच्छा नाही. पण ज्या सुताराने चाक बसवलं तो त्याच रस्त्यानं चालत होता ज्या रस्त्यावर ती बैलगाडी धावणार होती. त्रयस्थ त्याच्या ओळखीचा होता. आपल्या रस्त्यावरचा त्रयस्थ अनोळखी आहे, म्हणून ओळखीतून येणारी भीड इथे कामाला येत नाही. तिच्या जागी काहीतरी ठेवायला हवं.

माझ्या मते ते काहीतरी म्हणजे आपलं काम दुसऱ्याला तपासता येईल असं ठेवणं. 'माझ्यावर विश्वास ठेवा' याच्या नेमकं उलटं. टॉर्क रेंच दिवसाच्या भाड्यानं मिळतो का ते विचारायचं. प्रत्येक नट आकड्याप्रमाणे आवळल्यावर त्याच्यावरून आणि बाजूच्या धातूवरून रंगाची एक रेघ ओढायची, म्हणजे तो हलला की रेघ तुटलेली कुणालाही दिसते, मला, आईला, माल चढवणाऱ्या हमालाला. एकदाच वापरायचा असं लिहिलेला नट पुन्हा वापरायचा नाही. चाकांचं अलाइनमेंट बाहेर, यंत्रावर, कारण खांब सोडला की ते बिघडतंच आणि डोळ्यानं जुळत नाही. आणि स्प्रिंगचं काम घरी करायचंच नाही: खांब सोडवून बाहेर काढायचा, ज्याच्याकडे स्प्रिंग दाबायचं भक्कम यंत्र आहे त्याच्याकडे न्यायचा, नवा शॉकअप बसवून आणायचा आणि घरी परत चढवायचा. यातलं शेवटचं त्याला अपमानास्पद वाटलं. अर्धं काम घरी आणि अर्धं दुकानात, मग घरी केलं असं कसं म्हणायचं? मी म्हटलं, मी कवितेचा अनुवाद करते तेव्हाही ज्या बोलीतला शब्द मला येत नाही तो विचारायला फोन करते; पुस्तकावर नाव माझंच येतं. हे त्याला पटलं की तो कंटाळला, सांगता येत नाही. पण खांब घेऊन तो गेला.

खरी गाठ पडली ती पैशांवर. गळत होता डावा. त्याच्याकडे पैसे होते एकाचे. शॉकअप जोडीनं बदलावेत असा दंडक आहे, कारण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असला की खराब रस्त्यावर दोन्ही चाकांना सारखा आवर राहत नाही. "तुमचं ठीक आहे आंटी," तो म्हणाला, आणि हे वाक्य मला उगाच टोचलं नाही. गाडी एक दिवस उभी राहिली तर माझं काही जात नाही. त्यांच्या घरात त्या दिवशीची कमाई जाते. नीती ही ज्यांच्या खिशात दुसऱ्या शॉकअपचे पैसे आहेत त्यांची चैन आहे का? मला वाटतं, प्रश्न असा मांडला की त्यात आपण दोघंच उरतो, मी सुखवस्तू आणि तो गरजू, आणि मला गप्प बसावं लागतं. तिसऱ्याला आत घेतलं की चित्र बदलतं. गतिरोधकापलीकडे सायकलवरून जाणारा माणूस आमच्या दोघांपेक्षा गरीब असण्याचीच शक्यता जास्त. त्याच्या जिवावर याच्या पैशांची बचत व्हावी, हे गरिबीच्या नावानं म्हणता येत नाही. हे मी त्याला म्हटलं, पण एवढं म्हणून मोकळं होणं बरं दिसेना. उजव्याचे निम्मे पैसे मी उसने दिले, उरलेले दुकानदाराने उधार ठेवले. गाडी तीन दिवस उभी राहिली.

काम चांगलं झालं. रेघा आखलेल्या आहेत, पिवळ्या रंगाच्या. मी येता-जाता वाकून बघते, त्याचे वडील चेष्टा करतात.

जयसिंहानं आपल्या पंचांगाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे, की पितळेच्या वेधयंत्रांचे आस झिजतात, केंद्रं सरकतात, म्हणून त्यानं चुन्यादगडाची प्रचंड यंत्रं बांधली. त्याचं जंतरमंतर आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. न हलणाऱ्या गोष्टीला ती सोय असते. जे हलतं ते झिजणार, आणि झिजलेलं कुठेतरी जाणार.

आमच्याकडे ते आलं उजव्या शॉकअपच्या रूपात. डावा भंगारात गेला, त्यात कुणाला शंका नव्हती. उजवा गळत नाही, पुसला तर बरा दिसतो. असे जुने शॉकअप घेणारे आहेत. साफ करून, रंग मारून ते दुसऱ्या कुणाच्या सुपर कॅरीला बसतात. मुलाचं म्हणणं, घेणाऱ्याला जुना आहे हे माहीत असतं, तो समजून घेतो, आणि त्या पैशांत माझी उसनवारी फिटेल. पहिला आणि दुसरा पक्ष राजी आहेत, एवढं त्याचं खरं आहे. मी त्याला सुचवलं की नळीला ड्रिलनं भोक पाड, तेल काढून टाक आणि लोखंडाच्या भावानं विक. त्याला ते धडधाकट वस्तू फोडण्यासारखं वाटतं, आणि त्याच्या घरात कुणी कधी धडधाकट वस्तू फोडलेली नाही. पैसे सावकाश दे, मी म्हटलं. तो म्हणाला, पैशांचा प्रश्न नाही.

शॉकअप जिन्याखाली पडून आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. भोक पाडायला तो तयार नाही आणि विकायला अजून नेलेला नाही. परवा त्याच्या आईनं मला विचारलं, ते तिथे किती दिवस राहणार आहे? मी म्हटलं, भाभीजी, ते तुमच्या मुलालाच विचारा.